घोड्याच्या अंगावरील केसांची कातरणी : एका तबेल्यातील रीतीचा इतिहास

घोड्याचा इतिहास म्हटला म्हणजे अश्वजातींची उत्पत्ती, खोगीर व रिकीब यांचा प्रसार, घोडदळाच्या लढाया आणि राजेरजवाड्यांच्या पागा यांचाच विचार सामान्यतः केला जातो. तबेल्यातील नित्याचे व्यवहार, म्हणजे दाणावैरण, खरारा, नालबंदी, झूल इत्यादी, इतिहासकाराच्या दृष्टीआड राहतात. वस्तुतः मनुष्य आणि जनावर यांच्यातील श्रमसंबंधाचे स्वरूप या लहान व्यवहारांतच स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात अशाच एका रीतीचा विचार योजिला आहे. ती रीत म्हणजे घोड्याच्या अंगावर हिवाळ्यात वाढणारे दाट केस कातरून टाकणे.

या रीतीत एक करार अंतर्भूत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. घोड्याचे केस कातरणे म्हणजे निसर्गाने त्यास दिलेले पांघरूण काढून घेणे होय. जो ते काढून घेतो, त्याच्यावर बदली पांघरूण, निवारा व अधिक दाणा देण्याची जबाबदारी येते. कातरणीचा इतिहास हा यंत्रांचा व सोयीचा इतिहास आहेच. परंतु त्याहून अधिक तो ही जबाबदारी कोणी पाळली आणि कोणी मोडली याचा इतिहास आहे.

१. केसांचा धर्म

प्रथम या व्यवहारामागील शरीरधर्म समजून घेतला पाहिजे. समशीतोष्ण व शीत प्रदेशांतील घोड्याचे केस वर्षातून दोनदा बदलतात. हा बदल प्रामुख्याने थंडीमुळे होतो अशी जुनी समजूत होती. थंडीचा त्यात भाग असला तरी मुख्य सूत्र दिवसाच्या लांबीचे आहे, हे आता सिद्ध झाले आहे. दिवस लहान होऊ लागले की मेंदूतील ग्रंथींच्या स्रावांत फरक पडतो व हिवाळी केस वाढू लागतात. दिवस मोठे होऊ लागले की ते गळतात. हे केस थंडीत उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये कोंडलेली हवा अंगाची ऊब राखते. मोकळ्या रानात चरणाऱ्या घोड्यास ही व्यवस्था पुरेशी असते.

अडचण उद्भवते ती श्रमाने. घोडा हा विपुल घाम गाळणारा प्राणी आहे. त्याच्या घामात लॅथरिन नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या योगे घाम तेलकट केसांवर सहज पसरतो व त्याची वाफ लवकर होते. दौडलेल्या घोड्याच्या अंगावर दिसणारा फेस याच प्रथिनामुळे येतो. उन्हाळी आखूड केसांत ही योजना उत्तम चालते. परंतु दाट हिवाळी केसांत घाम मुरून बसतो. काम चालू असताना घोडा तापतो, लवकर थकतो व कृश होतो. काम संपल्यावर तेच ओले केस अंगाशी चिकटतात, त्यांतील हवेचा थर नाहीसा होतो, आणि थंडीत उभा असलेला घोडा तासन् तास वाळत नाही. ओल्या केसांनी रात्र काढणारा घोडा आजारी पडतो, हा साईसांचा अनुभव जुना आहे.

म्हणजे हिवाळी केस हे विश्रांत घोड्याचे संरक्षण आणि राबणाऱ्या घोड्याचे ओझे होय. थंड प्रदेशात हिवाळ्यात वेगाने व दीर्घकाळ काम करून घेण्याची गरज जेथे निर्माण झाली, तेथेच कातरणीचा प्रश्न उपस्थित झाला.

२. आयाळ व अंग : प्राचीनांची दृष्टी

प्राचीन वाङ्मयात घोड्याचे केस कापल्याचे उल्लेख मिळतात. परंतु त्यांचा संबंध बहुधा आयाळीशी आहे. प्लाटेआच्या लढाईपूर्वी (इ. स. पू. ४७९) मासिस्टियस हा सेनानी पडला, तेव्हा इराण्यांनी स्वतःचे व घोड्यांचे केस कापून शोक केला, असे हिरोडोटस सांगतो. हेफिस्टियनच्या मृत्यूनंतर अलेक्झांडरने घोड्यांच्या व खेचरांच्या आयाळी कापविल्या, असे प्लूटार्कने लिहिले आहे. येथे केस कापणे हे शोकचिन्ह आहे. घोड्यास मनुष्याच्या सुतकात सामील करून घेतले आहे. अश्वविद्येवर लिहिणारा झेनोफन आयाळ, कपाळावरील झुलपे व शेपटी धुण्याविषयी सूचना देतो. त्याच्या दृष्टीने घोड्याचे केस हे त्याचे भूषण व मक्षिकानिवारणाचे साधन आहे.

आपल्याकडील अर्थशास्त्राच्या अश्वाध्यक्षप्रकरणात घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान व गंधमाल्य देण्यास सांगितले आहे, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांच्या यादीत घोडा बांधणारा, गवत देणारा, खाद्य शिजविणारा, स्थानपाल व विषवैद्य यांच्याबरोबर 'केशकार' याचाही उल्लेख आहे. घोड्याच्या केसांची निगा हे स्वतंत्र कसब मानले गेले होते, एवढे यावरून निश्चित होते. तथापि हा केशकार घोड्याचे सर्वांग कातरीत असे, असा अर्थ त्यातून काढणे धाडसाचे होईल. प्रकरणाचा एकंदर रोख शोभा व स्वच्छता यांकडे आहे. तात्पर्य, आयाळीची कातरणी प्रतीकात्मक किंवा शोभेची आणि सर्वांगाची कातरणी श्रमासाठी, हा भेद अभ्यासकाने प्रारंभीच ध्यानात ठेवला पाहिजे. एकीच्या उल्लेखावरून दुसरीचे अस्तित्व अनुमानिता येत नाही.

३. स्पेनमधील खेचरे व इंग्लंडमधील शिकारी घोडे

सर्वांग कातरणीची परंपरा युरोपात स्पेनमध्ये विशेष रुजलेली दिसते. तेथील वाहतूक मोठ्या प्रमाणावर खेचरांवर चाले, आणि खेचरे कातरणारा 'एस्किलादोर' हा एक स्वतंत्र कारागीर होता. हे काम अनेक ठिकाणी जिप्सी लोकांकडे असे. जॉर्ज बॉरो या इंग्रज प्रवाशाने स्पेनमधील जिप्सींवर १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या 'द झिंकाली' या ग्रंथात त्यांच्या या व्यवसायाचे वर्णन आले आहे. १८०८ ते १८१४ या काळात आयबेरियन द्वीपकल्पात लढलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ही रीत तेथे पाहिली व स्वदेशी नेली, असे परंपरेने सांगितले जाते. एखादी रीत केवळ पाहिल्याने रुजत नाही. तिची गरज आधी निर्माण व्हावी लागते. इंग्लंडमध्ये ती गरज दोन दिशांनी निर्माण झाली होती.

पहिली दिशा शिकारीची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्वॉर्न येथील शिकारपथकाचे प्रमुख ह्यूगो मेनेल (१७५३ ते १८००) यांच्या काळापासून कोल्ह्याची शिकार वेगवान झाली. वेगवान कुत्र्यांमागे दीर्घ दौड मारण्यासाठी शर्यतीच्या रक्ताचे घोडे लागू लागले, आणि हा सर्व खेळ नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे घोड्याचे केस दाट असण्याच्याच काळात, चाले. दुसरी दिशा टपालगाड्यांची. मॅकॅडमच्या पद्धतीने बांधलेल्या सडकांमुळे १८३० च्या सुमारास चांगल्या गाड्या ताशी दहा मैलांच्या वेगाने धावू लागल्या. टप्प्याटप्प्याला घोडे बदलले जात. घामाने न्हालेली जोडी सोडून थंड अंगणात उभी केली जाई.

कातरणी येण्यापूर्वी या अडचणीवर उष्ण तबेल्याचा उपाय केला जाई. खिडक्या-झरोके बंद करून, जाड झुली घालून घोड्यास कृत्रिम उन्हाळ्यात ठेवावयाचे, म्हणजे त्याचे केस आखूड व तुकतुकीत राहतात, असा साईसांचा विश्वास होता. या उपायाचे दुष्परिणाम गंभीर होते. कोंदट हवा, मूत्राच्या वाफा व गर्दी यांमुळे डोळ्यांचे व फुप्फुसांचे विकार बळावत, आणि शेंबा रोगासारखे प्राणघातक संसर्ग पसरत. एकोणिसाव्या शतकात लष्करी पशुवैद्यकांनी तबेले मोठे व हवेशीर करण्याचा आग्रह धरला, आणि फ्रेंच घोडदळात त्या सुधारणेने मृत्युमान पुष्कळ घटले. परंतु थंड व हवेशीर तबेल्यात केस वाढणारच. म्हणून हवेशीर तबेला आणि कातरणी या दोन सुधारणा परस्परपूरक ठरल्या. कातरणीस केवळ श्रीमंतांची चैन समजणाऱ्यांनी हा संबंध विचारात घेतला पाहिजे.

४. कात्री, ज्योत व यंत्र

प्रारंभीची कातरणी कात्री व फणी यांनी होत असे. फणीने केस उचलावयाचे व कात्रीने अंगालगत कापावयाचे, असा क्रम होता. ते काम इतके संथ व कौशल्याचे होते की एका घोड्यासाठी दोन कसबी माणसांचा पुष्कळ वेळ जाई, आणि अंगावर कात्रीचे पट्टे न दिसू देणे हे कारागिराच्या हाताचे गमक मानले जाई. कात्रीबरोबरच केसांची टोके ज्योतीने जाळण्याची पद्धतही प्रचारात होती. त्यासाठी प्रथम मद्यार्काचे दिवे वापरीत. शहरांतून गॅस आल्यावर रबरी नळीला जोडलेला चपटा गॅसदिवा अंगावरून फिरवू लागले. या पद्धतीत घोडा भाजण्याची व बुजण्याची भीती असे, परंतु कातरणीनंतर उरलेले विरळ लांब केस काढण्यास ती सोयीची पडे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दातेरी पात्यांचे हातयंत्र आले. एका स्थिर दातेरी पात्यावर दुसरे पाते आडवे सरकते व दातांमध्ये सापडलेले केस कापले जातात, ही त्याची रचना. न्हाव्याच्या यंत्रामुळे आपल्या वाचकांस ती परिचित आहे. यापुढची पायरी मेंढ्यांच्या लोकरीच्या धंद्याने घातली. फ्रेडरिक यॉर्क वोल्सली यांनी १८७७ साली ऑस्ट्रेलियात लोकर कातरण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले, आणि १८८८ साली न्यू साउथ वेल्समधील डनलॉप येथे एका संपूर्ण कळपाची कातरणी प्रथमच यंत्राने झाली. अमेरिकेत १८९७ साली शिकागो फ्लेक्सिबल शाफ्ट कंपनी अधिकृतपणे स्थापन झाली. एकाने चाक फिरवावयाचे, लवचिक दांड्यातून ती गती पात्यांपर्यंत पोचवावयाची व दुसऱ्याने पाती घोड्याच्या अंगावरून चालवावयाची, अशी तिची यंत्रे होती. हीच कंपनी १९४६ साली सनबीम या नावाने ओळखली जाऊ लागली व घरगुती उपकरणांसाठी प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील वोल्सलीचे नाव मोटारगाड्यांशी जोडले गेले. घोड्याची जागा घेणाऱ्या उद्योगाचा एक धागा अशा रीतीने जनावरांचे केस कातरणाऱ्या यंत्रापर्यंत जातो.

यंत्राचा परिणाम केवळ वेळ वाचण्यापुरता नव्हता. कात्रीच्या काळी श्रमाचा खर्चच कातरणीस मर्यादा घालीत असे. ज्याच्यापाशी कुशल साईस, त्याच्यापाशी बहुधा झुली व चांगला तबेलाही असे. यंत्राने केस काढणे स्वस्त केले. ऊब देणे मात्र स्वस्त झाले नाही. येथून पुढे या दोन गोष्टींची फारकत होऊ लागली.

५. झुलीचा प्रश्न

कातरणीचे जे निरनिराळे प्रकार रूढ झाले, त्यांत या फारकतीची जाणीव उमटली आहे. सर्वांग कातरणे हा पहिला प्रकार. शिकारी घोड्यांसाठी पायांवरचे केस व खोगिराखालचा तुकडा राखीत. काट्याकुट्यांपासून, चिखलापासून व खोगिराच्या घर्षणापासून संरक्षण व्हावे हा त्यातील हेतू होता. तिसऱ्या प्रकारात पाठीवर झुलीच्या आकाराएवढे केस शिल्लक ठेवून मान व कुशी कातरीत. गाडीच्या घोड्यांसाठी ओढपट्ट्यांच्या रेषेखालील पोट व छाती तेवढी मोकळी करीत. घाम अधिक येतो तेथे कातरावयाचे आणि वारा-पाऊस लागतो तेथे राखावयाचे, असा हा विचार होता. रस्त्यावर तासन् तास उभे राहावे लागणाऱ्या गरीब घोड्यास शेवटचा प्रकारच न्याय्य होता.

या शहरी घोड्यांची संख्या लहान नव्हती. आगगाड्यांमुळे घोडे कमी झाले नाहीत, उलट स्थानकापासून घरापर्यंतच्या वाहतुकीमुळे वाढलेच. डब्ल्यू. जे. गॉर्डन यांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लंडनमधील घोड्यांची संख्या सुमारे तीन लक्ष धरली आहे. या घोड्यांपैकी बहुतेकांचा मालक वेगळा, सारथी वेगळा व तबेला तिसऱ्याचाच. घोडा कातरण्याचा निर्णय एकाने घ्यावा, थांब्यावर त्याच्या अंगावर झूल टाकण्याचे काम दुसऱ्यावर असावे, आणि ती झूल विकत घेण्याची जबाबदारी कोणाचीच नसावी, अशी स्थिती सहज उद्भवे. न्यूयॉर्कमध्ये प्राणिक्रौर्यप्रतिबंधक संस्थेचे (१८६६) संस्थापक हेन्री बर्ग यांनी हिवाळी कातरणीस विरोध केला, तो या पार्श्वभूमीवर. अनेक पशुवैद्य व घोडेवाले मात्र कातरणीच्या बाजूचे होते. दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे बोलत होते. कातरणीचे समर्थक उबदार तबेल्यातील घोड्याविषयी बोलत, विरोधक रस्त्यावरच्या घोड्याविषयी. शास्त्रीय मतभेद वाटणारा हा वाद वस्तुतः घोड्यांच्या दोन भिन्न सामाजिक परिस्थितींचा होता.

६. पश्चिम आघाडी : १९१६-१७

या कराराचा सर्वांत मोठा भंग पहिल्या महायुद्धात झाला. १९१७ साली ब्रिटिश सैन्यापाशी सर्व आघाड्यांवर मिळून आठ लक्षांहून अधिक घोडे व खेचरे होती. एवढी जनावरे एकत्र आल्यावर खरजेचा प्रादुर्भाव अपरिहार्य होता. सार्कोप्टिस जातीचे सूक्ष्म कीट कातडीत घर करतात. दाट केसांखाली हा रोग लवकर दिसत नाही, आणि औषधही कातडीपर्यंत पोचत नाही. म्हणून कातरणी हे रोगनिदानाचे व उपचाराचे पहिले साधन ठरले. कॅल्शियम सल्फाइडच्या द्रावणाने भरलेल्या लांब हौदांतून घोडे पोहवून काढण्यात येत; त्या उपचाराच्या आधीही केस काढणे इष्ट असे. लष्करी पशुवैद्यक दलाच्या दृष्टीने कातरणी हा अशा रीतीने स्वच्छतेचा नियम होता, आणि शांततेच्या काळातील छावणीत तो योग्यही होता.

परंतु १९१६-१७ चा हिवाळा अत्यंत कडक होता. घोडे तबेल्यांत नव्हते. ते उघड्या माळावर, चिखलात, दोरांना बांधलेले होते. जहाजांच्या टंचाईमुळे दाण्याचे प्रमाण कमी करण्यात आले होते. जनावराने ऊब राखावयाची ती केसांनी किंवा अन्नाने. येथे केस कातरलेले आणि अन्न घटविलेले. ९ एप्रिल १९१७ रोजी अरासची लढाई सुरू झाली तेव्हा वसंतऋतू असूनही बर्फ पडत होते. तोफा पुढे नेण्याचे अवाढव्य श्रम याच वेळी घोड्यांच्या वाट्यास आले, आणि हानी भयंकर झाली. थंडी, अर्धपोटी राहणे, अतिश्रम व कातरणी ही चार कारणे येथे इतकी एकत्र मिसळली आहेत की त्यांतील एकच वेगळे काढून त्यास दोष देणे अशास्त्रीय होईल. तथापि कातरणीखेरीज इतर तीन कारणे परिस्थितीने लादलेली होती. कातरणी ही आज्ञेने झालेली होती. या अनुभवानंतर सरसकट कातरणीच्या धोरणाचा फेरविचार करावा लागला.

त्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या सेवेतील सुमारे ४,८४,००० जनावरे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य गोळ्यांनी नव्हे, तर श्रम, थंडी व रोग यांनी मेली. या इतिहासाशी आपल्या प्रदेशाचे नावही जोडलेले आहे. पूना हॉर्स व डेक्कन हॉर्स ही घोडदळे १९१४ च्या शरद ऋतूपासून १९१८ च्या प्रारंभापर्यंत फ्रान्समध्ये होती, आणि डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वुडजवळ घोडदौडीने हल्ला चढविला होता. त्यांतील शिपाई मुख्यतः शीख, जाट, राजपूत व दख्खनी मुसलमान असले, तरी पथकांची नावे पुण्याची व दख्खनची होती. १९१६-१७ चा तो हिवाळा त्यांनीही घोड्यांसह युरोपातच काढला.

७. दख्खनमधील खरारा

दख्खनच्या अश्वविद्येत सर्वांग कातरणीस महत्त्वाचे स्थान का नाही, याचे उत्तर वरील विवेचनात आलेच आहे. भीमथडीच्या तट्टास इंग्लंडमधील घोड्यासारखे दाट हिवाळी केस येत नाहीत, आणि मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्यानंतर कोरड्या हवेत चालत. येथे घोड्याच्या अंगाची निगा म्हणजे खरारा व मालिश. खरारा मृत केस, धूळ व घामाचे क्षार काढतो. पांघरूण मात्र काढून घेत नाही. मुंबईत १८७४ साली घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या तेव्हा कंपनीपाशी ९०० घोडे होते आणि १९०५ साली त्या बंद झाल्या तेव्हा १,३६०. या घोड्यांना ग्रासणारी पीडा थंडीची नव्हे, उन्हाची व दमटपणाची होती. थंड देशांतून येणारी अश्वपालनाची पुस्तके येथे वापरताना हवामानाचा हा फरक विसरून चालत नाही. एखादी रीत एखाद्या प्रदेशात न आढळणे हे तेथील अश्वविद्येच्या मागासलेपणाचे लक्षण नसून गरज नसल्याचे लक्षण असू शकते.

८. उपसंहार

राबणारा घोडा नाहीसा झाला, परंतु कातरणी उरली. विजेच्या यंत्रांनी ती खेळाच्या घोड्यांसाठी आजही केली जाते. जबाबदारीचा प्रश्नही उरला आहे. ओठांभोवतीचे व डोळ्यांभोवतीचे स्पर्शकेस शोभेसाठी कापण्यास आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून बंदी केली; कारण ते केस हे घोड्याचे संवेदनेंद्रिय आहे. त्यापूर्वी, २०१६ साली, नॉर्वेमधील संशोधकांनी २३ घोड्यांना फलकांवरील चिन्हे ओळखून 'झूल घाला', 'झूल काढा' किंवा 'आहे तसेच राहू द्या' असे सुचविण्यास शिकविले. थंड, ओल्या व वाऱ्याच्या दिवशी घोड्यांनी झूल मागितली. उबदार दिवशी ती काढण्यास सांगितले. जो प्रश्न शंभर वर्षे मालक, पशुवैद्य व सुधारक आपापसांत सोडवीत होते, तो प्रथमच घोड्यास विचारला गेला.

या विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, सर्वांग कातरणी ही प्राचीन शोभेच्या रीतीची वाढ नसून थंड प्रदेशातील वेगवान श्रमाने निर्माण केलेली व्यवस्था आहे. दुसरा, यंत्राने केस काढण्याचा खर्च कमी केला. ऊब देण्याचा खर्च तसाच राहिला, आणि या दोहोंमधील अंतरातच एकोणिसाव्या शतकातील वाद व १९१७ मधील अनर्थ यांचे मूळ आहे. तिसरा निष्कर्ष इतिहासलेखनाच्या पद्धतीविषयी आहे. एखादी सुधारणा हितकर की अहितकर, हे तिच्या साधनावरून ठरविता येत नाही. तिच्याबरोबर पत्करलेली जबाबदारी कोणावर पडली व ती पार पडली की नाही, हे पाहावे लागते. कातरणीच्या बाबतीत कात्रीची नोंद पुष्कळांनी ठेवली आहे. झुलींची नोंद, म्हणजे किती खरेदी झाल्या, किती वाटल्या गेल्या व किती घोड्यांच्या पाठीवर प्रत्यक्ष पडल्या याची नोंद, लष्करी व व्यापारी हिशेबांतून शोधणे हे काम तरुण संशोधकांनी हाती घेण्याजोगे आहे.